टांगाईलची हवाई उतरण आणि खाली उभे असलेले लोक

११ डिसेंबर १९७१ रोजी दिवस कलत असताना, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील टांगाईल शहराच्या उत्तरेला, लोहजंग नदीवरील पुंगली पुलाच्या आसपासच्या शेतांवर भारतीय हवाई दलाच्या सुमारे पन्नास विमानांतून जवळजवळ सातशे छत्रीधारी सैनिक उतरले. स्वतंत्र भारताच्या सैन्याने प्रत्यक्ष युद्धात पूर्ण पलटणीच्या बळाने केलेली ही पहिली हवाई उतरण होती. उतरलेली पलटण होती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन, म्हणजे मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. १९५२ मध्ये तिला '२ पॅरा' हे नाव मिळाले, पण 'मराठा' ही ओळख तिने जपली. लेफ्टनंट कर्नल कुलवंत सिंग पन्नू तिचे नेतृत्व करत होते आणि या कामगिरीसाठी त्यांना महावीर चक्र देण्यात आले. 'पुंगली पूल' हा युद्धसन्मान पलटणीच्या नावापुढे कायमचा लागला.

महाराष्ट्रात या घटनेची आठवण निघते ती डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, विजय दिनाच्या निमित्ताने, आणि ती नेहमी वरून खाली पाहणारी असते. विमाने, उघडणाऱ्या छत्र्या, पुलाचा ताबा, माघार घेणाऱ्या शत्रूची कोंडी आणि पाच दिवसांनी ढाक्यात झालेली शरणागती, असा तो क्रम ठरून गेलेला आहे. त्यात खोटे काही नाही. परंतु ज्या शेतांत हे सैनिक उतरले ती शेते कोणाची होती, ती माणसे त्या संध्याकाळी कुठे होती, त्यांनी काय केले आणि पुढच्या पन्नासहून अधिक वर्षांत ती घटना त्यांनी स्वतःशी कशी मांडली, याचा आपल्या आठवणीत मागमूसही नाही. ही उणीव केवळ भावनेची आहे असे मला वाटत नाही. तिच्यामुळे ती लढाईच आपल्याला नीट समजलेली नाही, आणि ती भरून काढण्याची मुदत आता संपत आली आहे.

आधी लढाईचे स्वरूप पाहू. उत्तरेकडे जमालपूर आणि मयमनसिंग या ठिकाणी पाकिस्तानची ९३वी ब्रिगेड होती. तिला मागे घेऊन ढाक्याचे संरक्षण घट्ट करायचे असे तेथील सेनापतींनी ठरवले. जमालपूरहून ढाक्याला जाणारा रस्ता टांगाईलवरून जातो आणि टांगाईलच्या अलीकडे तो पुंगलीच्या पुलावरून नदी ओलांडतो. पूल अडवला की मागची फौज पुढे जाऊ शकत नाही, हा या उतरणीमागचा साधा हिशेब होता. ११ तारखेच्या रात्रीच माघारीचे ताफे पुलाकडे येऊ लागले. आपल्या पिछाडीला भारतीय सैनिक उतरले आहेत याची त्यांतील अनेकांना कल्पना नव्हती, त्यामुळे पहिली वाहने थेट पुलावर आली. रात्रभर हल्ले आणि प्रतिहल्ले झाले. दुसऱ्या दिवशी जमालपूरकडून खाली आलेली १ मराठा, म्हणजे जंगी पलटण, २ पॅराला येऊन मिळाली. ब्रिगेडियर हरदेव सिंग क्लेर यांच्या ९५व्या माउंटन ब्रिगेडची ही पलटण नुकतीच जमालपूरची लढाई लढून आली होती. एकाच परंपरेतल्या दोन पलटणी, एक आकाशातून उतरलेली आणि दुसरी पायी व मिळेल त्या वाहनाने आलेली, बंगालमधल्या एका पुलावर भेटल्या, ही गोष्ट मराठी वाचकाला भावणारी आहे आणि तिचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

त्याच घटनेचा दुसरा भाग मात्र आपण सांगत नाही. हवाई उतरण कागदावर जितकी नेमकी दिसते तितकी जमिनीवर कधीच नसते. वारा, विमानांचा वेग, उडी मारण्यातले काही क्षणांचे अंतर यांमुळे माणसे आणि सामान दूरदूर विखुरते. टांगाईललाही तेच झाले. काही तुकड्या ठरलेल्या जागेपासून बऱ्याच लांब उतरल्या, आणि तो मुलूख तर तळ्यांचा, खाचरांचा आणि नदीच्या जुन्या पात्रांचा. बंगालमध्ये घरासाठी आणि बागेसाठी भराव लागतो, त्यासाठी माती काढली की खड्डा पडतो आणि त्याचे तळे होते, म्हणून प्रत्येक वस्तीला लागून पाणी असते. विखुरलेल्या पलटणीला एकत्र यायला वाट दाखवणारा माणूस लागतो, ओझे वाहणारे खांदे लागतात, शत्रू कोणत्या बाजूला आहे हे सांगणारे तोंड लागते. टांगाईलच्या शेतांत हे सर्व मिळाले. गावकरी धावत आले, त्यांनी सामान गोळा करायला मदत केली, ते वाहून नेले आणि सैनिकांना पुलाची दिशा दाखवली.

ते का आले, याचे उत्तर त्याआधीच्या नऊ महिन्यांत आहे. टांगाईल जिल्ह्यात 'टायगर' म्हणून प्रसिद्ध असलेल्या कादेर सिद्दिकी यांची कादेरिया बाहिनी ही स्थानिक सशस्त्र फौज पाकिस्तानी सैन्याविरुद्ध लढत होती. तिला हत्यारे देणारे, लपवणारे, खाऊ घालणारे आणि निरोप पोचवणारे सगळे त्याच खेड्यांतले होते. ऑगस्टमध्ये भुआपूरजवळ यमुनेच्या पात्रात याच बाहिनीने दारूगोळ्याने भरलेली पाकिस्तानी जहाजे ताब्यात घेतली होती. (ही यमुना म्हणजे दिल्लीची नव्हे. ब्रह्मपुत्रेच्या बांगलादेशातील मुख्य प्रवाहाला तेथे हे नाव आहे.) उतरणीपूर्वी कॅप्टन पी. के. घोष या भारतीय अधिकाऱ्याला सिद्दिकींच्या मुलखात पाठवण्यात आले आणि जागेची माहिती व तयारी त्या लोकांच्या मदतीने झाली. म्हणजे छत्र्या उघडण्याआधीच ती जमीन एका अर्थाने मोकळी करून ठेवलेली होती, आणि ती ज्यांनी मोकळी केली त्यांनी त्याची किंमत मोजलेली होती. टांगाईल जिल्ह्यातल्याच मिर्झापूरच्या कुमुदिनी रुग्णालयाचे संस्थापक, दानशूर उद्योजक रणदाप्रसाद साहा यांना पाकिस्तानी सैन्याने मे महिन्यात मुलासह उचलून नेले आणि ते दोघे पुन्हा परतले नाहीत. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत असेल तर ज्यांची नावे कुठेच नोंदली गेली नाहीत अशा कुळांचे आणि विणकरांचे काय झाले असेल, याचा अंदाज करता येतो. टांगाईल हे नाव आपल्याकडे घरोघरी साडीमुळे ठाऊक आहे. ती साडी विणणारी खेडी याच जिल्ह्यातली.

शेतजमीन हीच हवाई उतरणीची जागा का असते, याचाही विचार करायला हवा. छत्रीधारी सैनिकाला सपाट, उघडी, झाडांची गर्दी नसलेली जमीन लागते. ती लक्ष्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर असावी लागते, आणि लक्ष्य म्हणजे पूल, रस्ता किंवा विमानतळ, जे माणसांच्या वस्तीजवळच असते. अशी जमीन म्हणजे जवळजवळ नेहमीच कोणाचे तरी शेत. बंगालमध्ये यात ऋतूचीही भर पडते. पावसाळ्यात हा सर्व भाग पाण्याखाली असतो. अगहन महिन्यात, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत, आमन भाताची कापणी होते आणि खाचरे सुकू लागतात. हिवाळ्यापर्यंत थांबण्याचा जो निर्णय १९७१ साली झाला, त्यामागे हिमालयातल्या बर्फाने बंद होणाऱ्या खिंडींइतकाच या कोरड्या होणाऱ्या जमिनीचाही विचार होता. म्हणजे युद्धाचे वेळापत्रक आणि शेतकऱ्याच्या कापणीचे वेळापत्रक त्या डिसेंबरात एकावर एक आले होते, आणि उतरणीसाठी जी जमीन मोकळी सापडली तिच्यात कोणाच्या तरी वर्षभराच्या भाताचा हिशेब होता.

उतरल्यानंतरच्या पहिल्या तासा-दोन तासांत छत्रीधारी सैनिक जितका असहाय असतो तितका तो नंतर कधीच नसतो. सोबती विखुरलेले, जड हत्यारे दुसऱ्याच बांधावर पडलेली, दिशा अंदाजानेच ठरवायची, आणि अंधार पडत आलेला. त्या वेळी त्याचे भवितव्य जमिनीवरच्या माणसाच्या हाती असते. लष्करी इतिहास हे मान्य करतो, परंतु एका वाक्यात मान्य करून पुढे सरकतो. मला तेथेच थांबायचे आहे, कारण हा माणूस जिकडे झुकतो तिकडे लढाई झुकते, हे इतर ठिकाणच्या उतरणींतून फार स्पष्ट दिसते.

आपल्याच देशातले उदाहरण घेऊ. १९६५ साली ६ आणि ७ सप्टेंबरच्या दरम्यानच्या रात्री पाकिस्तानने पठाणकोट, आदमपूर आणि हलवारा या विमानतळांजवळ मिळून सुमारे १८० कमांडो छत्र्यांनी उतरवले. विमानतळांवरील विमाने नष्ट करणे हे त्यांचे काम होते. ते पंजाबच्या उभ्या पिकांत उतरले, विखुरले, आणि उजाडल्यावर आसपासच्या गावांतल्या लोकांनी, पोलिसांनी व सैनिकांनी मिळून त्यांना शोधून काढायला सुरुवात केली. १३० पेक्षा जास्त जण जिवंत पकडले गेले आणि एकही विमानतळ निकामी झाला नाही. प्रशिक्षित कमांडोंची ती मोहीम फसली त्यात त्या शेतांतल्या लोकांचा वाटा फार मोठा होता. आपण त्या युद्धाची वर्णने लिहितो तेव्हा रणगाड्यांना पानेच्या पाने देतो आणि या शेतकऱ्यांना दोन ओळींत आटोपतो.

ग्रीसच्या क्रीट बेटावरची गोष्ट याहून कठीण आहे. २० मे १९४१ रोजी जर्मन छत्रीधारी सैनिक मालेमे येथील विमानतळाभोवतीच्या ऑलिव्हच्या बागांत आणि द्राक्षमळ्यांत उतरले. तेथील गावकरी मिळेल ते हत्यार घेऊन त्यांच्याशी लढले. जुन्या बंदुका, कोयते, काठ्या असे काहीही त्यांनी हाती घेतले. जर्मनांचे नुकसान इतके झाले की एवढ्या मोठ्या प्रमाणावरची हवाई उतरण हिटलरने त्यानंतर पुन्हा करू दिली नाही. बेट ताब्यात आल्यावर सेनापती कुर्ट स्टुडंट यांनी गावांवर सूड उगवण्याचा आदेश दिला. २ जून रोजी कोंदोमारी गावातील पुरुषांना एका ऑलिव्हच्या बागेत उभे करून गोळ्या घालण्यात आल्या. त्या हत्याकांडाची एका जर्मन लष्करी छायाचित्रकाराने घेतलेली छायाचित्रे आजही उपलब्ध आहेत. दुसऱ्या दिवशी कांदानोस हे गाव जाळून जमीनदोस्त केले गेले आणि तेथे जर्मनांनी फलक लावले की जर्मन सैनिकांच्या हत्येची शिक्षा म्हणून हे गाव नष्ट करण्यात आले आहे आणि ते पुन्हा कधीही उभे राहणार नाही. गाव पुन्हा उभे राहिले, आणि त्याने तो मजकूर पुसला नाही. तो आपल्या स्मारकात लावला. आक्रमकांनी हानियाजवळ आपल्या छत्रीधारी सैनिकांसाठी झेपावणाऱ्या गरुडाचे जे स्मारक उभारले होते, ते पुढे मोडकळीस गेले. मात्र मालेमेच्या टेकडीवर चार हजारांहून अधिक जर्मन सैनिकांची दफनभूमी आहे आणि ती नीट राखलेली आहे. मेलेल्या तरुण सैनिकाला जागा द्यायची, पण त्याच्या सेनेच्या गौरवाला द्यायची नाही, हा विवेक त्या बेटावर झालेला दिसतो, आणि तो कोणत्याही सरकारी समितीने ठरवला असेल असे मला वाटत नाही.

नॉर्मंडीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती कथा सर्वांना ठाऊक आहे. ६ जून १९४४ च्या पहाटेपूर्वी अमेरिकी छत्रीधारी सैनिक सेंत-मेर-एग्लीझ या गावावर आणि जर्मनांनी मुद्दाम पाण्याखाली घातलेल्या मेर्देरे नदीकाठच्या कुरणांत उतरले. जॉन स्टील नावाचा एक सैनिक चर्चच्या मनोऱ्यावर छत्री अडकून लटकला, आणि आज त्या मनोऱ्यावर त्याच्यासारखा पुतळा लटकवलेला असतो. गाव त्यावर जगते, असे म्हटले तरी चालेल. पण याच मोहिमेत सुमारे वीस हजार नॉर्मन नागरिक मेले, त्यांतले बहुसंख्य मित्रराष्ट्रांच्याच बॉम्बफेकीत, आणि त्यांचा उल्लेख राष्ट्रीय पातळीवर ठळकपणे व्हायला दशके लागली. २०१४ साली सत्तराव्या स्मृतिदिनी फ्रान्सचे अध्यक्ष ओलांद यांनी काँ शहरात या नागरिकांना जाहीर आदरांजली वाहिली. फालेझ येथे युद्धातील नागरिकांचे स्वतंत्र संग्रहालय उघडले ते २०१६ मध्ये. तोपर्यंत त्या काळात जाणतेपणी जगलेली बहुतेक माणसे निघून गेली होती.

याच्या उलट अनुभव हॉलंडमधल्या ओस्टरबेकचा आहे. १७ सप्टेंबर १९४४ रोजी आर्नहेमच्या पश्चिमेला, वोल्फहेझे आणि रेंकम यांच्या आसपासच्या शेतांत व माळरानांत ब्रिटिशांचा पहिला हवाई डिव्हिजन उतरू लागला. ऱ्हाईन नदीच्या उत्तरेला गेलेल्या सुमारे दहा हजारांपैकी जेमतेम अडीच हजारांच्या आत सैनिक परतले. बाकीचे मेले किंवा पकडले गेले. मोहीम फसली आणि तिची शिक्षा डच लोकांनी भोगली. जर्मनांनी आर्नहेम शहर संपूर्ण रिकामे करायला लावले आणि ते लुटले. त्या सप्टेंबरात मित्रराष्ट्रांच्या मदतीसाठी डच रेल्वे कामगारांनी संप पुकारला होता. त्याचा सूड म्हणून जर्मनांनी धान्याची वाहतूक रोखली, आणि त्यातून त्या हिवाळ्यात देशाच्या पश्चिम भागात जो दुष्काळ पडला त्यात सुमारे वीस हजार माणसे मेली. उतरणीच्या दिवशी सकाळी मित्रराष्ट्रांच्या बॉम्बफेकीत वोल्फहेझेतील मनोरुग्णालयाचे अनेक रुग्णही मारले गेले होते. इतके झाल्यावर त्या लोकांनी उतरलेल्या सैनिकांचा राग धरला असता तर ते समजण्यासारखे होते. परंतु १९४५ च्या सप्टेंबरपासून ओस्टरबेकमधली शाळकरी मुले तेथील दफनभूमीत, एका कबरीपाशी एक मूल असे उभे राहून फुले ठेवतात. ही प्रथा आजतागायत चालू आहे.

मला ओस्टरबेकचे महत्त्व वाटते ते फुलांमुळे नव्हे, तर तेथे आठवण जमिनीच्या मालकांच्या हातात आहे म्हणून. उतरलेले सैनिक पाहुणे म्हणून येत राहिले आणि गावाने यजमानपण घेतले. त्यामुळे पराभवही सांगता आला, दुष्काळही सांगता आला, मारले गेलेले रुग्णही सांगता आले आणि सैनिकांचे शौर्यही सांगता आले. एकाला जागा दिली म्हणून दुसऱ्याची जागा कमी झाली नाही.

टांगाईलच्या बाबतीत आपण नेमके काय केले आहे? प्रथम छायाचित्राचा प्रश्न घेऊ. त्या उतरणीचे म्हणून जे छायाचित्र डिसेंबर १९७१ मध्ये जगभरच्या वृत्तपत्रांत छापले गेले, ज्यात आकाश छत्र्यांनी भरून गेलेले दिसते, ते टांगाईलचे नव्हतेच. ते आग्र्याला आधी झालेल्या एका सरावाचे होते, आणि तेव्हाचे संरक्षण खात्याचे जनसंपर्क अधिकारी आय. राममोहन राव यांनी नंतर ही गोष्ट स्वतः सांगितली. उतरणीची बातमीही 'पूर्ण ब्रिगेड उतरली' अशी पसरली आणि पाच हजार सैनिकांचा आकडा छापून आला. ढाक्यातील पाकिस्तानी सेनापतींच्या मनावर त्याचा जो परिणाम झाला तो भारताच्या फायद्याचा होता. युद्धकाळात अशी गोष्ट करणे योग्य की अयोग्य या वादात मी शिरत नाही, कारण शरणागती लवकर झाल्याने वाचलेले जीव मोजता येत नाहीत. पण युद्ध संपून अर्धशतक उलटले तरी तेच किंवा तसेच छायाचित्र टांगाईलची खूण म्हणून आजही फिरत राहते, हे मात्र मला खटकते. त्या चित्रात आग्र्याचे आकाश आहे. लोहजंग नदी नाही, तळी नाहीत, धावत आलेला एकही माणूस नाही. आपल्याला सोयीची अशी रिकामी जमीन त्यात आहे, आणि ती आपल्या आठवणीत उतरली आहे.

अभिमानामुळे झालेली आणखी एक अतिशयोक्ती दुरुस्त करायला हवी. ९३वी ब्रिगेड पुंगलीला संपूर्ण नष्ट झाली असे अनेकदा लिहिले जाते. प्रत्यक्षात तिचा काही भाग आडवाटांनी व शेतांतून ढाक्याकडे निसटला, आणि ब्रिगेडियर अब्दुल कादिर खान आपल्या उरलेल्या लहानशा गटासह पुढे पकडले गेले. पलटणीची कामगिरी यामुळे लहान होत नाही. अंधारात विखुरलेली पलटण काही तासांत एकवटून पूल घेते आणि रात्रभर टिकवते, हे मोठेच काम आहे. ते मोठे ठरवायला फुगवलेल्या आकड्यांची गरज नाही.

टांगाईलमध्ये ११ डिसेंबर हा दिवस पाळला जातो. तेथे तो 'हानादार मुक्त दिवस' आहे, म्हणजे आक्रमकांपासून जिल्हा मुक्त झाल्याचा दिवस, आणि त्याच्या केंद्रस्थानी कादेरिया बाहिनी आणि मुक्तियोद्धे, म्हणजे बांगलादेशचे स्वातंत्र्यसैनिक, असतात. एकच तारीख, एकच जिल्हा, आणि नदीच्या एकाच पुलाभोवतीची कहाणी दोन देशांत दोन वेगवेगळ्या नायकांची होते. आपल्याकडे मुक्तियोद्धा हा वाटाड्या असतो. तेथे भारतीय छत्रीधारी सैनिक हा शेवटच्या दिवशी आलेला मदतनीस असतो. दोन्हीकडे शेतकरी मात्र पार्श्वभूमीतच राहतो.

आणि तेथील आठवणही स्वच्छ, सरळ नाही. १८ डिसेंबर रोजी, शरणागतीनंतर दोनच दिवसांनी, ढाक्याच्या 'पल्टन' नावाच्या मैदानावर कादेरिया बाहिनीच्या लोकांनी पाकिस्तानचे साथीदार म्हणून पकडलेल्या बंदिवानांना परदेशी छायाचित्रकारांच्या समोर संगिनींनी ठार केले. त्या छायाचित्रांना १९७२ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. पुंगलीच्या पुलावर ज्यांनी आपल्या जवानांना वाट दाखवली आणि मैदानावर ज्यांनी हात बांधलेल्या माणसांना मारले, ते एकाच सैन्यातले होते. ज्यांना टांगाईलचे स्मरण खरोखर करायचे आहे त्यांनी हेही लिहिले पाहिजे. नऊ महिने गावे जळताना पाहिलेल्या तरुणांचा राग समजून घेणे वेगळे आणि बंदिवानांची हत्या विसरणे वेगळे.

या विषयावर बोलताना एक आक्षेप हमखास येतो. आताची वेळ बरोबर नाही, असे सांगितले जाते. ऑगस्ट २०२४ नंतर बांगलादेशात १९७१ च्या आठवणीलाच धक्का बसला आहे. मुजीबनगरच्या स्मारकसंकुलातील शरणागतीचे शिल्प फोडले गेले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ढाक्यात धानमंडीतील शेख मुजीबुर रहमान यांचे घर जमावाने पाडले. भारतातही, डिसेंबर २०२४ मध्ये, शरणागतीचे प्रसिद्ध चित्र लष्करप्रमुखांच्या दालनातून काढून मानेकशॉ केंद्रात हलवले गेले आणि त्यावरून वाद झाला. अशा वेळी त्या देशातल्या खेड्यांत जाऊन आठवणी गोळा करण्याची कल्पना भाबडी आहे, असे म्हणणारे लोक समंजस आहेत. मी त्यांच्याशी तरीही सहमत नाही. दगडाची शिल्पे फोडता येतात आणि चित्रे हलवता येतात, कारण ती सत्तेच्या जागांवर असतात. आपल्या खाचरात उतरलेल्या सैनिकाला वाट दाखवलेल्या माणसाची आठवण कोणत्याही पक्षाच्या मालकीची नसते, आणि म्हणूनच ती सरकारे बदलली तरी सांगता येते. शिवाय थांबणे परवडणारे नाही. त्या संध्याकाळी जो दहा वर्षांचा होता तो आता साठी ओलांडून पुढे गेला आहे, आणि जो तेव्हा कर्ता होता तो बहुधा हयात नाही. २ पॅराच्या जवानांचीही तीच स्थिती आहे. त्यांतले कितीतरी सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या शेतकरी घरांतून आलेले होते. त्यांनाही आजवर पुलाबद्दल विचारले गेले. कापणी झालेल्या परक्या खाचरात पाय टेकल्यावर काय दिसले, समोर आलेल्या माणसाशी कोणत्या भाषेत बोलणे झाले, कोणाच्या घरी पाणी प्यायले, हे त्यांना कोणी विचारले असेल असे वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गावकऱ्यांच्या आठवणी पन्नास वर्षांनी विश्वासार्ह नसतात, असे इतिहासाचे अभ्यासक म्हणतील. काहींना जे दिसले नाही तेही आठवते, आणि जो मुक्तियोद्धा ठरला त्याला भत्ता मिळत असल्याने काहींची आठवण गरजेपुरती वाढते, हे बांगलादेशातच उघडपणे चर्चिले गेले आहे. पण हा आक्षेप लष्करी आठवणींनाही लागू आहे. आग्र्याचे छायाचित्र आणि पाच हजारांचा आकडा गावकऱ्यांनी तयार केलेला नव्हता. प्रत्येक साक्ष दुसरीवर घासून पाहायची असते, आणि त्यासाठी आधी दुसरी साक्ष हातात असावी लागते. आज आपल्याजवळ एकाच बाजूची आहे.

त्यामुळे माझी मागणी पुतळ्याची नाही आणि नव्या स्मारकाचीही नाही. ढाक्यातील मुक्तियुद्ध संग्रहालय १९९६ पासून काम करते, आणि शाळकरी मुलांना आपल्या गावातल्या वडीलधाऱ्यांकडून १९७१ च्या आठवणी ऐकून लिहून आणायला लावण्याचा त्याचा उपक्रम मोठा आहे. अशा हजारो लेखी साक्षी तेथे जमलेल्या आहेत. टांगाईल जिल्ह्यातल्या साक्षी मिळवून त्यांतील लोहजंग काठच्या गावांच्या साक्षी मराठीत आणण्याचे काम महाराष्ट्रातील एखादे विद्यापीठ सहज करू शकते. बंगालीतून मराठीत थेट भाषांतराची आपली परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे आणि ती कादंबऱ्यांपुरतीच राहावी असे काही नाही. त्याच वेळी २ पॅरा आणि १ मराठा या दोन्ही पलटणींतल्या हयात माजी सैनिकांची त्यांच्या गावी जाऊन, त्यांच्या बोलीत, सविस्तर ध्वनिमुद्रणे व्हावीत, आणि ती बंगालीत टांगाईलला परत जावीत. पदकविजेत्यांच्या मुलाखती पुष्कळ झाल्या आहेत. जो जवान सामानाबरोबर तळ्याच्या काठावर पडला, ज्याला पुलापर्यंत पोचायला रात्र लागली आणि ज्याने त्या रात्री एकही गोळी झाडली नाही, त्याच्याकडे सांगण्यासारखे अधिक असण्याची शक्यता आहे, कारण गावकऱ्यांबरोबर सर्वांत जास्त वेळ त्यानेच काढला.

आपल्याकडची पाठ्यपुस्तके आणि विजय दिनाचे कार्यक्रम यांतही थोडा बदल करता येईल. छायाचित्राखाली ते कुठले आहे हे खरे लिहावे. पुंगलीच्या नकाशात पुलाबरोबर आसपासच्या वस्त्यांची नावेही असावीत. दोन मराठा पलटणींची भेट सांगताना तिसऱ्या बाजूने आलेल्या कादेरिया बाहिनीचे नाव घ्यावे, आणि तिच्याबद्दल अभिमानाचे तसेच लाजेचेही जे आहे ते सांगावे. यासाठी कायदा लागत नाही, निधी फारसा लागत नाही, दोन्ही सरकारांची परवानगीही बहुतेक ठिकाणी लागत नाही. ११ डिसेंबर २०३१ रोजी या घटनेला साठ वर्षे होतील. तेव्हा जिवंत असलेला साक्षीदार सत्तरीच्या पुढे असेल. त्याला त्याच्या भाषेत प्रश्न विचारणारा मराठी माणूस त्याच्या अंगणात पोचायचा असेल तर बंगाली शिकायला आजच सुरुवात करावी लागेल.